सातव्या प्रकरणातले ठोके

झेरॉक्सच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साचतात: एका बाजूने कोरी असलेली रद्दी, आणि किस्से. रद्दी भंगारवाला तरी नेतो. किस्से कुणी नेत नाही, म्हणून ते मी मित्रांना चहाबरोबर वाटतो.

माझं दुकान मोहाडीत. टायपिंग, झेरॉक्स, लग्नपत्रिका आणि सध्या एक पुस्तक. पुस्तक सिधूचं. सिद्धांत नाव, आंधळगावचा, आमचा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्या साली, म्हणजे १९९९ ला जन्मलेला. रॅप करतो. मोबाइलवर त्याचं नाव ‘एमसी धुरा’. धुरा म्हणजे आमच्याकडे धानाच्या शेताचा बांध. त्यावर बसून पहिलं गाणं सुचलं, म्हणून हे नाव. तीन वर्षांपासून रोज संध्याकाळी तो माझ्या दुकानात येऊन बसतो, आणि माझं एकही काम वेळेवर होत नाही.

*

सिधूला मोबाइलवर लिहिता येत नाही. कागद लागतो, आणि तोही माझ्या दुकानातला कोरा. एकदा त्याने लिहून ठेवलेले कागद मी चुकून मशीनमध्ये भरले. एक बाई त्यावर सातबाऱ्याच्या झेरॉक्स काढून घेऊन गेली. पुढे सातबारा, मागे बोडी, म्हणजे शेताजवळचं छोटं तळं, आटल्याचं रॅप!

दोन दिवसांनी एका कार्यालयातले बाबू तो कागद घेऊन दुकानात आले. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"माफी राहू द्या," ते म्हणाले. "शेवटची ओळ कटली आहे. आमच्या टेबलावर सगळे इचारून राहिले, त्या बोडीचं पुढं काय झालं?"

सिधूला सांगितलं तर तो हसला नाही. बराच वेळ तो कागद उलटसुलट करत बसला.

"भाऊ, गाणं लोक ऐकते अन् पुढं जाते," तो म्हणाला. "कागद टेबलावर राह्यते. मले पुस्तक लिवाचं आहे."

*

सिधूची एक गंमत आहे. बाकीचे रॅपवाले टेबल दिसलं की बडवतात. हा कधी कशावर बोट आपटत नाही. सगळा ताल तोंडाने. सानगडीला एका शाळेच्या गॅदरिंगमध्ये पेनड्राइव्ह चाललाच नाही, तेव्हा त्याने अर्धा तास नुसत्या तोंडाने बीट काढली. पोरं नाचत होती. मुख्य पाहुणे मात्र कासावीस. शेवटी ते स्वतः पाण्याचा ग्लास घेऊन स्टेजवर चढले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोराले दमा आहे, तं कायले बोलावता बाप्पा त्याले?"

परत येताना मी विचारलं, "तू हाताने का नाही वाजवत?"

"घरी चालत नाही," तो म्हणाला. "लहानपणी डबा वाजवला का आबाजी येऊन माह्या हात धरून ठेवे. मारे नाही, बोले नाही. नुसता धरून ठेवे. तालाची तं सवय लागली होती, मंग तोंडानं सुरू केलं."

*

आबाजी म्हणजे त्याचा आजा. रिटायर पोस्टमन. ऐंशीच्या आसपास वय, पण शर्टाची इस्त्री अजून मोडत नाही. नातवाचं एकही गाणं त्यांनी ऐकलेलं नाही. सिधूला याचं फार वाईट वाटतं, आणि तो ते लपवतही नाही.

*

नाटकाचं खूळ नत्थूभाऊंमुळे. नत्थूभाऊ म्हणजे झाडीपट्टीतल्या एका नाटक मंडळाचे दिग्दर्शक. आमच्याकडे नाटकं फार आणि तालमी थोड्या, म्हणून पडद्याआडून प्रॉम्प्टर वाक्य देतो आणि नट ते बोलतो. सिधूने अख्खं नाटक दोन दिवसांत पाठ केलं आणि रॅपच्या स्पीडने बोलायला लागला. प्रॉम्प्टर पान उलटेपर्यंत हा पुढच्या प्रवेशात! तिसऱ्या दिवशी प्रॉम्प्टरने वही मिटली.

"नत्थूभाऊ, याले प्रॉम्प्टर नाही, ब्रेक पाह्यजे."

बपेरा गावातल्या प्रयोगात तर कहर झाला. सिधूला गोळी लागून मरायचं होतं. त्याने मरता मरता चार ओळींचं रॅप घातलं. आमच्याकडे गाणं आवडलं की वन्स मोअर मिळतो. तो मिळाला. सिधू उठला, पुन्हा गोळी खाल्ली, पुन्हा मेला. पुन्हा वन्स मोअर. तिसऱ्यांदा त्याच्यावर गोळी झाडणाराच वैतागून विंगेत निघून गेला, तेव्हा नत्थूभाऊंनी पडदा पाडला.

"मेलेला माणूस पब्लिकसाठी उठते, तो आपल्या कामाचा," ते मला म्हणाले. त्याच रात्री त्यांनी त्याला पुढच्या नाटकात मोठी भूमिका देऊन टाकली.

*

आता पुस्तकाचं. नऊ प्रकरणं मी टाइप केली. प्रूफ वाचायला माणूस मिळेना, तेव्हा सिधूने भीत भीत आबाजींना विचारलं. ते हो म्हणाले. आठ दिवसांत लाल पेनाने तपासलेले कागद परत आले. काना-मात्रेची एकही चूक सुटलेली नव्हती. सातव्या प्रकरणावर मात्र आडवी रेघ. प्रत्येक पानावर. आणि समासात पोस्टमनच्या गोल अक्षरात लिहिलेलं:

‘हे टपाल माझ्या नावाचं आहे. वाटू नये.’

सातवं प्रकरण घरातल्या डफड्याचं होतं. सिधूचा पणजा गावात दवंडी द्यायचा. वाजवायचं, ओरडायचं, आणि ज्याने सांगितलं त्याच्या दाराशी वाकून उभं राहायचं. धम्म घेतल्यावर त्याने ते काम सोडलं. सोडायच्या दिवशी डफडं गळ्यात घालून त्याने एक शेवटची दवंडी दिली, स्वतःची. सोबत चौदा वर्षांचा मुलगा होता, म्हणजे आबाजी. हे सगळं सिधूला आजीने मरण्याआधी सांगितलं. तिनेही ते सासूकडून ऐकलेलं. आबाजी कधी एक शब्द बोलले नव्हते.

"काढून टाकू?" मी विचारलं.

"सातवं नाही तं पुस्तकच नाही," सिधू म्हणाला. "पण आबाजीले डावलून छापणार नाही." आणि पुस्तक चार महिने माझ्या कॉम्प्युटरमध्ये पडून राहिलं.

*

मग ती सकाळ. नव्या नाटकातली मोठी भूमिका नेमकी दवंडीवाल्याची निघाली. सिधू म्हणाला, आबाजी हो म्हणतील तर करीन. नत्थूभाऊंना यातलं काहीच माहीत नव्हतं. बिचारे मला घेऊन आंधळगावला गेले, आणि आबाजींवर छाप पडावी म्हणून नवंकोरं डफडं सोबत घेतलं. अंगणात आबाजींच्या खाटेसमोर ते ठेवलं. माझा जीव अर्धा झाला.

आबाजींनी चष्मा लावला. डफड्याकडे पाहिलं, मग नत्थूभाऊंकडे.

"वाजवून झाल्यावर तो काय करते?"

"पाटलाच्या वाड्यापुढं वाकते, आबाजी. मंग जाते."

"मंग नाही जमत."

सिधू खाली बसला होता, तो उठला. "आबाजी, नाटकातलं ते मी सातव्या प्रकरणावानी बदलवून लिवलं आहे. तो वाकत नाही. एकडाव ऐका. मंग नाही म्हना."

खिशातून त्याने सातव्या प्रकरणाची लाल रेघांची पानं काढली. डफड्याला हात लावला नाही. सिधूला इतकं सावकाश बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

"ऐका हो ऐका. उद्यापासून हे डफडं वाजणार नाही. ज्याले काही सांगाचं असन, त्यानं सोता आमच्या दारी येऊन सांगावं. आमी बसून ऐकू."

आणि तोंडाने दोन ठोके.

आबाजी डफड्याकडे बघत होते.

"चुकलं," ते म्हणाले.

सिधूने मान खाली घातली. मी नत्थूभाऊंना उठायची खूण केली.

आबाजींनी उजवा हात खाटेच्या लाकडी चौकटीवर ठेवला आणि दोन बोटांनी वाजवलं. एक. दोन. मग श्वास घेण्याइतकं थांबून, तीन.

घरातून सिधूची आई धावत दारात आली आणि तिथेच उभी राहिली.

आबाजींनी सिधूच्या हातातली पानं घेतली आणि माझ्याकडे वळले.

"भाऊ, लाल पेन आहे काय तुमच्यापाशी?"

मी दिला. त्यांनी शेवटचं पान मांडीवर घेतलं, ‘दोन ठोके’मधला ‘दोन’ खोडला, आणि वर गोल अक्षरात लिहिलं, ‘तीन’.