दुसऱ्याच्या कीबोर्डला हात न लावणाऱ्या मॅडम

मिहानमधल्या आमच्या छोट्या ऑफिसात मी टिकलो तो एका मॅडममुळे. उमरेडहून रोज एसटीने यायच्या. काय झालं ते सांगतोच, पण आधी त्यांची उभं राहायची तऱ्हा बघा. शिकवताना दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. स्क्रीनवर लाल अक्षरांचा ढीग आला की मागून आवाज यायचा, "घाबरून काहून राहिला गा? खालून वाच. शेवटची ओळ."

तुम्हीही पाहिलं असेल, हुशार माणूस आपला माऊस ओढून घेतो, मिनिटात काम करून देतो, आणि आपण होतो तिथेच राहतो. मॅडम दुसऱ्याच्या कीबोर्डला बोटही लावत नसत.

मी सांगलीकडचा, नववीत शाळा सोडलेला. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसून, व्हिडिओ बघून पायथन शिकलो. इथे तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. पहिलं काम, ऑफिसची वेबसाइट स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून दाखवायची. पायथन बसवलं, पॅकेजेस घातली, डेटाबेसपाशी गाडी अडली. लाल इंग्रजी ओळी वाचता यायच्या, समजायच्या नाहीत.

"जमलं का गा?"

"हो मॅडम, झालंच."

पान कसं दिसायला हवं ते कळावं म्हणून मॅडमनी त्यांच्या लॅपटॉपवर चालणाऱ्या वेबसाइटचा पत्ता मला दिला होता. शुक्रवारी साहेब बघायला आले तेव्हा मी माझं काम म्हणून तोच उघडला.

"छान. आता लॉगिन करून दाखव."

तेवढ्यात साडेपाच वाजले. मॅडमनी बससाठी आपला लॅपटॉप मिटला आणि माझ्या स्क्रीनवरचं पानही गेलं.

"हे काय?"

"मॅडमनी हाच पत्ता दिला होता, सर."

शब्द खरे होते. म्हणूनच जास्त लाज वाटते.

खांद्याला बॅग लावलेल्या मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "बरोबर आहे सर. मीच त्याला नीट सांगितलं नाही. सोमवारी दाखवतो आम्ही."

माझी नोकरी वाचली. नवं मोठं काम मॅडम सांभाळणार होत्या, ते मात्र सोमवारी दुसऱ्याकडे गेलं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांची बसही गेली. बॅग खाली ठेवून त्या माझ्या मागे आल्या, हात बांधले. "समजत नाही म्हणाले लाज वाटते तुले, अन् खोटं बोलाले नाही वाटत?"

मी त्या लाल ओळी पुन्हा स्क्रीनवर आणल्या.

"वाच आता. खालून."

शब्द न् शब्द लावून वाचलं. नमुन्याच्या फाइलमधला डेटाबेसचा पासवर्ड मी तसाच ठेवला होता, माझा घातलाच नव्हता. एवढंच होतं.

मॅडम आता इथे नाहीत. उमरेडलाच घरून काम करतात म्हणे. नव्या लोकांना सेटअप मी दाखवतो, हात आपोआप मागे जातात. साहेब अजून बजावतात, "त्या मॅडमसारखं अर्धवट सांगू नकोस." मी मान हलवतो.

एक दिवस नाही हलवणार. त्या शुक्रवारी ते पान कुणाचं होतं आणि खोटं कुणाचं, हे साहेबांना सगळ्यांसमोर सांगेन. मगच उमरेडची बस धरेन. त्याआधी मॅडमच्या दारात उभं राहायला मला तोंड नाही.