गोदाकाठची शेजारीण

हैदराबादेत, बरकतपुऱ्यात आमच्या शेजारी गोदाकाठच्या एका लहानशा गावची बाई राहायची. चहासुद्धा ती उभ्यानंच प्यायची. आणि बोलणं सगळं गावाचं: तिथला घाट, नावेतून बाजाराला येणारी माणसं, आटलेल्या पात्रातली टरबुजं. "इथं आमचं काय हाय? आज ना उद्या जायचंच," म्हणायची.

मग छप्पन साली हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी झाली. तिचं गाव मुंबई राज्यात गेलं आणि नवऱ्याची बदलीही तिकडेच झाली. घर बघायला ती हौसेनं एकटीच पुढं गेली आणि आठवड्यात परतली.

"कसं आहे गाव?" मी विचारलं.

"हाय तसंच. पन जो भेटला तो एकच इचारत होता, हैदराबादला परत कधी जाणार?"

तुम्ही आता गावी कधी निघणार, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तिच्याकडे बघून ते तोंडातच राहिलं.