शमशादबाईंची माती

मी अरविंद शंकर माने, वाणिज्य पदवीधर, गडमुडशिंगीतल्या एका छोट्या बालवाडीचा मानद सचिव. माझ्या हातून झालेली एक चूक स्वतःच्या नावानिशी लिहून ठेवावी, एवढाच या पोस्टचा हेतू आहे.

परवा बेंदूर, आमच्याकडचा बैलांचा सण, झाला. आदल्या आठवड्यात शाळेची तपासणी होती, म्हणून मी स्वतः उभा राहून वर्ग झाडून घेतला. खिडकीत मातीचे बैल ओळीने मांडलेले होते... तडकलेले, शिंगे मोडलेले, गेल्या वर्षीच्या मुलांनी केलेले. ते सगळे मी कचऱ्याच्या गाडीत टाकायला लावले.

शमशादबाई त्या दिवशी रजेवर होत्या. सव्वीस वर्षे त्या आमच्याकडे शिकवतात. या महिनाअखेरीस निवृत्त होत आहेत.

बेंदराच्या सकाळी त्या पाण्याचे घमेले घेऊन वर्गात आल्या आणि रिकाम्या खिडकीसमोर थांबल्या. तेव्हा मला कळले... दर बेंदराला त्या जुने बैल भिजवत आणि त्याच मातीतून नवी मुले नवे बैल करत. कमी पडेल तेवढीच नवी माती मिसळायची. मूळची माती पहिल्या वर्षापासूनची.

मी तातडीने कुंभाराकडून चाळलेली माती आणून दिली. बाईंनी ती बोटांत चुरून पाहिली.

"झ्याक हाय, साहेब. पण हिला अजून एका बी पोराचा हात लागला न्हाय."

मी माफी मागितली. त्या हसल्या, पण डोळे भरले होते.

"तुमच्या श्रुतीचा बैल बी त्यातच हुता की! दोनच पाय केलते. इचारलं तर म्हनली, बाकीचे पोटाखाली हायत, बसलाय त्यो!"

श्रुती माझी मुलगी. ती बाईंच्या वर्गात होती, त्या वर्षी मी तिच्या वहीतले प्रत्येक अक्षर तपासले होते... हा बैल मी पाहिलाच नव्हता.

बालवाडीची कल्पना ज्यांनी प्रथम मांडली, त्या जुन्या शिक्षणतज्ज्ञांनी मुलाच्या हातात पुस्तकाआधी माती आणि ठोकळे दिले. आज आपण त्यालाच 'कृतीतून शिक्षण' म्हणतो, त्याची प्रशिक्षणे घेतो. बाईंनी त्यांचे नाव परीक्षेत एकदा लिहिले असेल. त्यांचे म्हणणे मात्र सव्वीस वर्षे रोज पाळले.

त्या थोर माणसाची तसबीर आमच्या वर्गात आहे. तपासणीपूर्वी तिची काच मी दोनदा पुसून घेतली होती... आणि त्याच सकाळी त्यांची शिकवण कचऱ्याच्या गाडीत चढवली होती.

अरविंद शं. माने
कोल्हापूर, ११ जुलै २०२५