तीनला सरकायचं

नव्वदीच्या मध्यावर साताऱ्यात माझ्या मामाचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. फौजेतून हवालदार होऊन आलेला माणूस एक तर सिक्युरिटीत लागतो, नाहीतर पिठाची गिरणी टाकतो. मामाने पुण्याहून दोन जुनी मशीन आणली आणि एसटी स्टँडच्या मागच्या गाळ्यात मांडली. आजोळी सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो आणि असा मामा मिळाला म्हणून शाळाभर मिरवत होतो.

दोन मशीन म्हणजे लढाईच्या दोन जाती. एक ठोशांचं. त्यात समोरासमोर दोन गडी, दांडा विशिष्ट तऱ्हेने फिरवून दोन बटणं एकदम दाबली की हातातून आगीचा लोळ निघणार. ज्याची बोटं चपळ आणि पाठांतर पक्कं, त्याचं राज्य. गर्दी कायम तिथेच. दुसरं तलवारीचं. त्यात एक चिलखतवाला शिपाई भुयारांतून चालत जायचा, वाटेत राक्षस मारायचा, मारलेल्या राक्षसांवर त्याची लेव्हल वाढायची, मग लांब तलवार, जाड ढाल, औषधाच्या बाटल्या. प्रत्येक स्टेजच्या शेवटी एक दांडगा राक्षस असायचा, त्याला आम्ही म्होरक्या म्हणायचो. या शिपायाला दम लागायचा, ही त्यातली खरी गंमत. पडद्याखाली एक निळी पट्टी होती. वार केला की ती कमी व्हायची आणि भरेपर्यंत शिपाई धापा टाकत उभा. नुसती बटणं बडवणारा माणूस दुसऱ्या मिनिटाला मरायचा.

मला तलवारीचं मशीन आवडायचं आणि का आवडतं ते मी कुणी न विचारता सांगायचो. ठोशांच्या मशीनवर तुम्ही स्वतःचे डाव पाठ करता, इथे समोरच्याचे ओळखावे लागतात. तिथे हात चालतो, इथे हात आवरावा लागतो. दुसऱ्या स्टेजचा म्होरक्या गदावाला होता. त्याने गदा उचलली की मनात एक, दोन, तीन मोजायचं आणि तीनला बाजूला सरकायचं. गदा जमिनीत रुतते. तेवढ्यात दोन वार घालायचे, तिसरा नाही, कारण पट्टी संपते. हा शोध माझा होता. मी सातही स्टेज पार केल्या होत्या आणि त्या दुकानात दुसरं कुणी तिसरीच्या पुढे गेलं नव्हतं.

मग मी शिकवायला लागलो. दुकानात एक दाढीवाला रिक्षावाला रोज दुपारी यायचा, चाळिशीचा असेल. त्याच्या खांद्यामागे उभा राहून मी आकडे मोजायचो.

"मास्तर, तीनलाच सरकलो की," तो म्हणायचा. "तरी मेलो."

"आवं, तीनला म्हंजे तीनला! चारला न्हवं. लक्ष कुठं असतंय तुमचं?"

"व्हय मास्तर, माझंच चुकलं."

बाकीची मंडळी तोंड फिरवून हसायची. मला वाटायचं, त्याच्यावर हसताहेत. मामाही गल्ल्यामागे बसून गालात हसायचा. मी दुकानात पाऊल टाकलं की तो म्हणायचा, "थांब रं जरा, गरम झालंय मशीन," आणि बटण बंद करून, मागचं दार उघडून दोन मिनिटं आत काहीतरी साफसूफ करायचा. मग चालू करून द्यायचा. माझा खेळ संपला की परत तेच. माझ्यासाठी मशीन निववून ठेवणारा मामा! मी हे मित्रांना कौतुकाने सांगितल्याचंही आठवतं.

दहावीनंतर डिप्लोमाला सांगलीत नंबर लागला. होस्टेलवर माझ्या खोलीत जतचा एक मुलगा होता. घरी मेंढरं, अर्धं बोलणं कानडी वळणाचं, स्वभावाने थंड. त्याच्या चुलत्याकडे टीव्हीला जोडायचा गेम होता, त्यामुळे तोही या विषयातला जाणकार निघाला. त्याच्या कॅसेटमध्येही तलवारवाला शिपाई होता, पण त्याला दम लागत नसे, हवे तितके वार करा. मात्र तलवार खुरप्याएवढी. राक्षसाच्या अंगाला अंग लावल्याशिवाय ती पोचायचीच नाही. मेसच्या टेबलावर वाटी ढाल आणि चमचा तलवार करून आमचे वाद चालायचे. लांब तलवार आणि थोडा दम बरा, की आखूड तलवार आणि अखंड दम? मी लांब तलवारीचा. तो म्हणायचा, दोन्ही नको, लेव्हल पाहिजे.

"अरं, पहिल्या स्टेजला माघारी फिरून बारकं राक्षस मारत बसायचं. लेव्हल चढली की म्होरक्या आपसूक पडतोय."

"ही काय लढाई झाली? ही मजुरी झाली."

"आमच्याकडं पाण्याच्या टँकरची दोन-दोन दिवस वाट बघत्यात लेका. थांबायला काय जातंय?"

मी त्याला भेकड म्हणायचो. तो रागवायचा नाही, त्याचाच मला राग यायचा.

मग कळलं की सांगलीतही एका दुकानात तलवारीचं तेच मशीन आहे. रविवारी होस्टेलची सहा-सात पोरं घेऊन मी निघालो. रस्ताभर माझं तोंड बंद नव्हतं. सातव्या स्टेजला काय होतं, कुठल्या कोपऱ्यात बाटली असते, सगळं आधीच सांगून मोकळा झालो. दुकानात शिरताना "बघा आणि शिका" असंही म्हणालो. ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

पहिल्या स्टेजलाच काहीतरी बिनसलं होतं. बारके राक्षस चावले तरी जीव मोजणारी रक्ताची पट्टी भसकन खाली यायची. मी दांड्याला दोष दिला. दुसऱ्या स्टेजला गदावाला समोर आला. त्याने गदा उचलली. "आता बघा," मी म्हणालो, "एक, दोन..." आणि दोनलाच गदा माझ्या डोक्यात बसली. दुसरा चान्स, दोनला मेलो. तिसऱ्या चान्सला हात इतके घामेजले होते की गदा उचलायच्या आधीच मी सरकलो आणि खड्ड्यात पडलो. पाच मिनिटांत खेळ खलास.

पोरं पोट धरून हसली. "तीनला सरकायचं व्हय रं?" एकाने विचारलं, आणि तेव्हापासून होस्टेलवर माझं नाव 'तीन' पडलं. तीन, मेसचा डबा आण. तीन, तुझं पत्र आलंय. मी सगळ्यांना ओरडून सांगत होतो, हे मशीन खोटं आहे, साताऱ्याला येऊन बघा. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय म्हणणार कोणी?

जतच्या पोराने मात्र मला तीन म्हटलं नाही. तोच आठवड्याभराने मला परत त्या दुकानात घेऊन गेला, कारण त्या दिवशी मिरजेचा मेकॅनिक यायचा होता. मेकॅनिकने मशीनचं मागचं दार उघडून टॉर्च मारला. हिरव्या पाटीवर आठ पांढरे स्विच एका ओळीत बसवले होते, तांदळाच्या दाण्याएवढे.

"ह्या दोघांवर राक्षसाचा जोर ठरतोय," तो म्हणाला. "हितं मधला लावलाय, कंपनीतनं आला तसाच. तुमच्या साताऱ्याला कुणीतरी सगळ्यात सोपा लावलेला दिसतोय. मग गदावाला झोपंतच मारतोय."

"कवा बदलता येतो ह्यो?" जतच्या पोराने विचारलं.

"कवाबी. नुसतं बंद करून, दार उघडून टेस्टरनं ढकलायचं अन् परत चालू करायचं."

'गरम झालंय मशीन' हे तीन शब्द माझ्या डोक्यात नीट लागायला दोन मिनिटंही लागली नाहीत. जतच्या पोराने हळूच विचारलं, "मामानं केलं असंल?" मी त्याला नको ते बोललो. माझ्या मामाचं नाव घ्यायची लायकी नाही, इथपर्यंत बोललो. तो बरोबर होता आणि मला ते माहीत होतं, म्हणूनच इतका बोललो.

शनिवारी न कळवता साताऱ्याला गेलो. दुपारी दुकानात रिक्षावालाच खेळत होता. मी दारात उभा राहून बघितलं. गदा उचलली. एक, दोन, आणि खाली. दोनला! हा माणूस दीड वर्ष माझं ऐकून तीनला सरकत होता आणि मरत होता.

मामाने मला पाहिलं. "आलास व्हय! थांब, गरम झालंय मशीन." हात खिशातल्या टेस्टरकडे गेलासुद्धा होता.

मी पुढे होऊन मशीनच्या पाठीवर तळवा ठेवला. "गार हाय, मामा."

मामाचा हात खिशातच राहिला. रिक्षावाला दांडा सोडून बाजूला झाला.

"कवापासनं?" मी विचारलं.

"पहिल्या उन्हाळ्यापासनं." मामा खोटं बोलला नाही, एवढं कबूल करायला हवं. "तू मेलास की दोन दोन दिवस जेवायचा न्हाईस. आक्का, तुझी आई, हितं येऊन रडायची. अन्..." तो अडखळला. "अन् भाच्याला मारू नये म्हणत्यात. मामाचं हात लटलट कापत्यात म्हातारपणी. माझं दुकान, माझं मशीन. त्यानं तुला मारायचं म्हंजे मीच मारल्यावानी न्हवं का रं?"

वीस वर्षं बंदूक धरलेला माणूस हे अगदी गंभीरपणे सांगत होता. ही समजूत आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती व्हिडिओ गेमला लावणारा जगात माझा मामा एकटाच असेल. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मी हसून लोळलो असतो. तेव्हा मात्र अंगाची लाही लाही झाली. माझ्याकडे दाखवायला ती एकच गोष्ट होती. अभ्यासात मी बेताचा, मैदानावर त्याहून बेताचा. मला लढाई वाचता येते, एवढंच माझं होतं, आणि तेही मामाने टेस्टरच्या टोकाने बनवून माझ्या हातात दिलं होतं.

"मास्तर, राग मानू नका," रिक्षावाला म्हणाला. "आमाला सगळ्यांस्नी म्हाईत हुतं. मामांनी सांगितलं हुतं, पोराला बोलू नका."

मामाने फसवलं ते प्रेमापोटी म्हणावं, पण या सगळ्यांनी मिळून मला मास्तर म्हटलं होतं! माझी बोलणी खाल्ली, चूक कबूल केली, मागे वळून हसले. आमच्याकडे ठरवून केलेल्या कुस्तीला नूराकुस्ती म्हणतात. त्यात निदान दोन्ही पैलवानांना माहीत असतं.

"मधलाच ऱ्हाऊ दे," मी मामाला म्हणालो. "अन् परत हात लावलास तर ह्या दुकानात पाय ठेवणार न्हाई."

मामाने रिकामा हात खिशातून बाहेर काढला. दिवाळीची सुट्टी लागल्यावर मी साताऱ्याला येऊन रोज त्या मशीनवर मेलो. सगळं नव्याने शिकावं लागलं. एकच्या पुढे, दोनच्या आत सरकायचं. वार एकच, दुसरा घातला की दमाची पट्टी संपते आणि गदा उलटी फिरून येते. चौथ्या दिवशी मुकाट्याने पहिल्या स्टेजला माघारी फिरलो आणि बारके राक्षस मारत लेव्हल चढवली. जतचं पोरगं बरोबर होतं. मामा मी खेळताना बाहेर पायरीवर जाऊन बसायचा. त्याला बघवत नसे आणि त्याला बघवत नाही याचा मला आनंद व्हायचा.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी गदावाला पडला. शेवटच्या चान्सला, बाटल्या संपलेल्या, रक्ताची पट्टी बोटभर राहिलेली. गदा रुतली, एक वार घातला, मागे सरकलो, परत एक, आणि तो गुडघ्यावर आला. रिक्षावाला इतक्या जोरात ओरडला की शेजारचा पानवाला धावत आला. मामा पायरीवरून उठून आत आला, डोळे भरलेले.

आणि मी पडद्याकडे बघत नव्हतो. मी त्याच्या खिशाकडे बघत होतो. त्या सकाळी मी चहाला गेलो होतो तेव्हा मामा दुकानात एकटाच होता.

"न्हाई रं," माझी नजर ओळखून मामा म्हणाला. "तुझी शप्पत. न्हाई."

मी हात पुढे केला. त्याने टेस्टर काढून माझ्या हातावर ठेवला आणि स्वतःच मशीन भिंतीपासून ओढून दिलं. रिक्षावाला आणि पानवाला बघत असताना मी मागचं दार उघडलं, वाकून आत डोकावलो. स्विच मधल्यावरच होते.

वळून बघितलं तर मामा दुकानात नव्हता. त्याच्या शपथेवर मी विश्वास ठेवला नाही, हे त्याने पुढे कुणालाच सांगितलं नाही. माझ्या आईलाही नाही.