कोरमवाल्या बाई

पाचवं माणूस आल्याशिवाय बाई चहा सांगत नसत. समिती नऊ जणांची. पाच जमले तर सभा, चार जमले तर नुसत्या गप्पा, आणि गप्पांना विद्यापीठाचा चहा कशाला, असं त्यांचं म्हणणं. चौघं येऊन बसली की त्या घड्याळाकडे बघून उठायच्या, व्हरांड्यातून चालत जाऊन कुठल्यातरी केबिनचं दार ठोठावायच्या आणि आतल्या प्राध्यापकाला जवळजवळ बखोटीला धरून आणायच्या. "शर्माजी, आप बस बैठ जाइए. सोना है तो सो भी जाइए, पर अंदर." सगळं विद्यापीठ त्यांना 'कोरम मॅडम' म्हणायचं. मी मराठी, म्हणून माझ्यापुरत्या त्या कोरमवाल्या बाई.

कसली समिती ते सांगायला हवं, कारण आता ती शिल्लक नाही. यमुनेपलीकडे, नव्या सेक्टरांमध्ये आमचं विद्यापीठ उभं राहिलं होतं. एका बाजूला मोहरीची शेतं, दुसऱ्या बाजूला फ्लॅट विकणाऱ्यांचे फलक. तिथे काहीही शिकायला या, चार पेपर सगळ्यांना सक्तीचे: एक भाषा, एक इतिहास, एक गणित, एक विज्ञान. कॉमर्सच्या मुलानं पानं-फुलं वाचायची, कॉम्प्युटरच्या मुलानं लढाया. "यार, चारों धाम किए बिना डिग्री नहीं मिलती," असं मुलं म्हणायची. या चार धामांत काय शिकवायचं, कोण शिकवतंय, नीट शिकवतंय का, हे बघणारी ती समिती. बाई धरून सात शिक्षक, दोन विद्यार्थी. अध्यक्ष बाईच. दोन विद्यार्थ्यांतला एक मी. मी निवडून आलो होतो तोच मुळी 'चार धाम बंद करा' या घोषणेवर.

बाई गणिताच्या. दिल्लीत हिंदूरावच्या चढावर भाड्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या आणि दोन बस बदलून यायच्या. "एका मराठी माणसाच्या नावाची टेकडी आहे, आणि दिल्लीला वाटतं ते फक्त हॉस्पिटल आहे," असं म्हणून हसायच्या. दरवर्षी सत्र सुरू झालं की फाटकाबाहेरच्या टपरीवरून त्या चारही विषयांच्या कुंज्या विकत घ्यायच्या. कुंजी म्हणजे ठरावीक प्रश्न, ठरावीक उत्तरं. पाठ करा आणि पास व्हा. परीक्षेआधी शिक्षकांनी काढलेले पेपर समितीकडे आले की बाई कुंजी उघडून शेजारी ठेवायच्या. जो पेपर नुसत्या कुंजीवरून सोडवता येईल तो परत. इतिहासाच्या सरांचा एका वर्षी तीनदा परत गेला. सर भडकले. "मैडम, आप मैथ्स की हैं. हिस्ट्री आपको क्या मालूम?"

"कुछ नहीं मालूम," बाई म्हणाल्या. "फिर भी मैं इसमें पास हो गई. यही तो शिकायत है."

आणखी एक खोड होती. सत्रातून एकदा, न सांगता, या चार विषयांच्या कुठल्याही वर्गात त्या मागच्या बाकावर येऊन बसत. तास संपला की सरांना काही विचारायच्या नाहीत, मुलांना धरायच्या. "आज नवीन काय कळलं?" 'कुछ नहीं' म्हटलं तर वहीत नोंद. 'अच्छा था' म्हटलं तर मात्र वैतागायच्या. "छान होतं म्हणजे काय? सिनेमा आहे का?" शिक्षकांना त्यांचा जाच व्हायचा, खोटं कशाला सांगू. मुलांनाही व्हायचा. बाईंवर खूश असलेला मला एकच माणूस माहीत होता, तो टपरीवाला. दरवर्षी पेपर बदलायचा, त्याला दरवर्षी नवी कुंजी विकता यायची.

माझा राग खरा पेटला तो गगनपायी. गगन माझा खोलीतला सोबती, पानिपतचा, बाप हातमागाच्या कारखान्यात. पोराला गुडगावातल्या एका नव्या कंपनीत नोकरी लागली आणि इतिहासाच्या पेपरात तो नापास झाला. "अरे, तुझ्याच गावच्या लढाईत पडलास?" असं सगळे त्याला चिडवायचे, तो हसायचा नाही. त्यानं सूट मागितली. अर्जावर डीनची सही होती. बाईंनी अर्ज नाकारला.

मी तावातावानं त्यांच्याकडे गेलो. "बाई, पोराच्या घरात ऑफिसातली पहिली नोकरी आहे ही."

"माहीत आहे. पण एकाला सूट दिली की उद्या ओळखीवाल्यांची रांग लागेल. गगनची ओळख कोणाशी आहे रे? त्या रांगेत तो शेवटीच असणार."

हे तेव्हा मला पटलं नाही. आजही अर्धंच पटतं. मग या बाईनं काय करावं? स्वतः इतिहासाचं पुस्तक वाचून रोज दुपारी गगनला शिकवायला बसली. पुरवणी परीक्षेत तो पास झाला, चांगल्या मार्कांनी झाला. तोवर कंपनीनं दुसरा मुलगा घेतला होता. गगन सामान बांधून पानिपतला गेला, आणि मी पत्रक लिहायला बसलो.

पत्रकात मी काही शिल्लक ठेवलं नाही. तानाशाही, पोटावर पाय, चार म्हाताऱ्यांची लहर, सगळं घातलं. एक प्रत बाईंच्या दारावर मीच चिकटवली. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. टेबलावर माझं पत्रक, त्यावर पेन्सिलीच्या खुणा.

"या, पत्रकवाले. बसा. नापासांचा आकडा फुगवलायस. एक आकडा खोटा निघाला की वाचणारा बाकीचंही खोटं धरतो. दुसरं, परीक्षेची फी समिती ठरवत नाही, रजिस्ट्रार ठरवतात. त्यांना सोडलंस आणि मला धरलंस. तिसरं, गगनचं नाव घातलंस. त्याला विचारलंस?"

विचारलं नव्हतं.

"मग काढ. बाकीचं राहू दे. बाकी ठीक लिहिलंयस."

त्यांच्याविरुद्धचं पत्रक त्यांनी दुरुस्त करून दिलं, आणि मी ते तसंच छापलं. पहिल्यापेक्षा दुप्पट परिणाम झाला. मला वाटलं, आपण जिंकतोय.

चार धाम प्रशासनालाही नको झाले होते. वर्ग लागतात, शिक्षक लागतात, आणि बाजारात त्याची किंमत नाही, असं उघड बोललं जायचं. पण समिती असेपर्यंत पेपरांना हात लावता येत नव्हता. पळवाट एकच होती: कोरमअभावी सलग तीन सभा रद्द झाल्या, की समितीचे अधिकार आपोआप कुलगुरूंच्या कार्यालयाकडे. तीन शिक्षक एकाएकी सभेच्या दिवशी रजेवर जाऊ लागले, केबिनला कुलूप. उरले चार. पाचवा यायचा तर आम्हा दोघा विद्यार्थ्यांपैकी. आणि आमच्या संघटनेनं समितीवर बहिष्कार टाकला होता. ठराव माझाच होता. नियम मला ठाऊक होता. मोडू दे, असंच मला वाटत होतं.

दोन सभा रद्द झाल्या. तिसऱ्या सभेला मी इमारतीच्या दारात पत्रकं वाटत उभा होतो. बाई जिना उतरून स्वतः खाली आल्या. हातात हजेरीचा कागद.

"चल वर."

"बहिष्कार आहे, बाई."

"माझ्याविरुद्ध मत दे. चारही पेपर बंद करा असा ठराव मांड, मी शब्दन्‌शब्द लिहून घेईन. पण वर ये."

"तुमच्या समितीला आम्ही मानतच नाही."

"मला नको मानूस रे. पण ठरवायची जागाच गेली, तर उद्या भांडायला जाशील कुठे?"

"वो हम देख लेंगे," मी म्हणालो. मुद्दाम हिंदीत, मागे उभ्या असलेल्या मित्रांना ऐकू जावं म्हणून. बाई वर गेल्या.

वर काय झालं ते मला नंतर शर्माजींनी सांगितलं. कोणीतरी म्हणालं, "लड़का दरवाज़े पर ही तो खड़ा है. प्रेज़ेंट लिख दीजिए मैडम, कौन देखता है?"

"मैं देखती हूँ," बाई म्हणाल्या. 'कोरम नाही, सभा रद्द' असं लिहून खाली सही केली.

आम्ही फाटकावर ढोल वाजवला. पुढच्या वर्षी चार पेपर गेले. त्यांच्या जागी चार नवे आले: हस्तांदोलन कसं करावं, मुलाखतीत काय बोलावं, कॉम्प्युटरवर पत्र कसं लिहावं, असले. शिकवायला बाहेरची एक संस्था. प्रश्न तिचे, उत्तरंही तिनंच छापून दिलेली. आणि हेही सक्तीचेच! आम्ही पुन्हा पत्रक काढलं. कुलगुरूंचं कार्यालय म्हणालं, संस्थेशी बोला. संस्था म्हणाली, विद्यापीठाशी बोला. एका सत्रात आमची संघटना थकली. मी तर आधीच थकलो होतो.

बाई निवृत्त होऊन पुण्याला भावाकडे निघाल्या, तेव्हा मी हिंदूरावला गेलो. खोल्यांत खोकी रचलेली. मी उभ्याउभ्याच माफी मागितली.

"मला कशाला सॉरी म्हणतोस? माझं शिक्षण झालंय," त्या म्हणाल्या. मग खोक्यावर बसल्या आणि बराच वेळ दोरीची गाठ मारत राहिल्या. "तुझं सगळं चुकलं नव्हतं. त्या कंपनीला मी एक पत्र लिहायला हवं होतं, गगनसाठी महिनाभर थांबा म्हणून. सुचलंच नाही. नियम सांभाळता सांभाळता पोरगा हातातून निसटला." पुण्याला गेल्यावर दोन वर्षांत बाई वारल्या.

मी अजून पत्रकं लिहितो. आकडे दोनदा तपासतो, आणि ज्याचं नाव घालायचं त्याला आधी विचारतो. एवढंच हाती लागलं.

यंदा माझी धाकटी बहीण त्याच विद्यापीठात दाखल झाली. रसायनशास्त्र घेतलंय. परवा चिडून घरी आली. "दादा, प्रॅक्टिकल बुडवून मला टाय कसा बांधायचा ते शिकायला लावतात. मी मुलगी आहे यार! हे कोण ठरवतं? मी अर्ज लिहिते." कागद घेऊन माझ्यासमोर बसली. 'प्रति' लिहिलं आणि वर बघितलं.

"कोणाच्या नावानं लिहू?"