भोंग्यासकट रेकॉर्ड झालेलं गाणं

खडकीच्या क्वार्टरसमोर टॅक्सी उभी होती आणि पप्पा माझ्या बॅगेची चेन तिसऱ्यांदा तपासत होते. मिठी वगैरे आमच्यात नाही. "पोचलीस की कळव. आणि आता अभ्यास कर, गाणी पुरे झाली," एवढं म्हणून ते आत निघून गेले. सुमेध, तू डिकी लावत होतास, तुला आठवत असेल. मेलबर्न येईपर्यंत मला एकच वाटत राहिलं, की माझ्यामुळे पप्पांना मान खाली घालावी लागली आणि म्हणून त्यांनी मला लांब पाठवलं.

काय थाट होता आपल्या रॅपच्या लेबलचा! 'टाईप टू रेकॉर्ड्स' हे नाव क्वार्टरच्या प्रकारावरून, आणि स्टुडिओ म्हणजे आमची मागची खोली, भिंतींना मम्मीच्या गोधड्या. पप्पांच्या कारखान्याचा भोंगा झाला की रेकॉर्डिंग थांबवायचं, हा एकच नियम. तो आपण तीन वर्षं पाळला. 'आडनाव?' हे गाणं करताना मात्र मी थांबलेच नाही. आदल्या दिवशी वारज्यात तुझ्या ताईला फ्लॅट दाखवला होता आणि आडनाव ऐकल्यावर "अहो, तो आत्ताच गेला" म्हणून परत पाठवलं होतं. मी इतकी चिडले होते की सकाळी सातचा भोंगा गाण्याच्या सुरुवातीलाच शिरला. तू म्हणालास, "राहू दे, भारी वाटतंय."

गाण्यात कुणाचं नाव नव्हतं, आपले चेहरेही नव्हते. शिवी एक होती. गाणं फिरलं, तक्रारी झाल्या, आपण समाजात भांडणं लावतो असं लोकांनी लिहिलं, दोन कॅफेंनी शो रद्द केले. पण आपल्याला पकडून दिलं ते भोंग्याने. खडकीत जन्म काढलेल्या माणसाला तो ओळखायला कितीसा वेळ लागणार? कारखान्यातल्या साहेबांनी पप्पांना बोलावलं आणि या गाण्याशी आपला संबंध नाही असं लिहून द्या म्हणाले. पप्पा घरी आले, जेवले आणि झोपायला गेले. त्यांनी काय लिहून दिलं ते विचारायचा मला धीर झाला नाही. पुढे मला व्हिसा मिळाला, तू हडपसरच्या आयटी पार्कात चिकटलास आणि लेबल संपलं.

पप्पा गेल्या वर्षी रिटायर झाले. त्यांनी वारज्यातच फ्लॅट घेतला. तिथे म्हणे कुणी विचारायच्या आत स्वतःच आडनाव सांगितलं, मोठ्याने. क्वार्टर रिकामं करताना मम्मीला फाइलमध्ये त्या दिवशी साहेबांना दिलेल्या पत्राची झेरॉक्स सापडली. तिने फोटो पाठवला. पप्पांचं सुवाच्य अक्षर: "मुलगी माझी आहे. गाणं तिने लिहिलं आहे. भोंगा कारखान्याचा आहे. तिन्हींपैकी कशाचीही मला लाज वाटत नाही."

मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. इतकी वर्षं मी उगाच रुसले होते, आणि तेही कुणावर!

आपल्या खोलीत आता दुसरं कुटुंब राहतं. घराची आठवण येते तेव्हा मला त्या भिंती आठवत नाहीत, सातचा भोंगा आठवतो. वारज्यात तो ऐकू येत नाही, म्हणून पप्पांनी मोबाइलच्या अलार्मला आपलं गाणं लावलंय. मम्मी सांगते, रोज अख्खं ऐकतात, शिवीच्या जागी तेवढे खोकतात.

काल जेवणाच्या सुट्टीत फोन केला. पुण्यात सात वाजले होते. मागे भोंगा, मग माझा एकोणिसाव्या वर्षीचा चिडका आवाज.

"पप्पा, ऐकताय ना?"

"थांब जरा," ते म्हणाले. "दुसरं कडवं चाललंय."