ताईच्या छातीतली गाठ

रत्नागिरीत सीटी स्कॅन वाचायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. फुफ्फुसात गाठ दिसली म्हणून हादरलेली माणसं येतात आणि त्यातल्या कितीतरी जणांना मी सांगते, "साधी गाठ आहे, कॅन्सर नाही." अशा गाठीची कड गुळगुळीत असते, आत कॅल्शियम साचलेलं असतं, कधी चरबी असते. हे ओळखायला मला फार वेळ लागत नाही. पण त्या दिवशी मशीनवर माझी ताई होती.

ताई चिपळूणला असते. शाळेतून निवृत्त झालेली, एकटी. खोकला जाईना म्हणून तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तर उजव्या बाजूला डाग. नळाला दोन दिवस पाणी आलं नाही हे सांगावं, तशा आवाजात तिने मला फोनवर हे सांगितलं. आमची आई फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेली. तिचंही खोकल्यापासूनच सुरू झालं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी तिला बोलावून घेतलं. काचेपलीकडे ती आडवी झाली. टेक्निशियनने माइकवरून श्वास रोखून धरायला सांगितला. तिने धरला, इकडे नकळत मीही धरला.

"सोडू का गो आता?" स्पीकरवर तिचा आवाज आला. टेक्निशियन हसला. स्कॅन परत घ्यावा लागला. मला हसू आलं नाही.

ताईला माझ्या घरी पाठवून मी पडद्यासमोर बसले. गाठ होती, लहानशा बोराएवढी. कडेला काटे फुटल्यासारखं वाटलं, कॅन्सरच्या गाठीला असतात तसे. चित्र मोठं केलं तर नव्हते. लहान केलं की पुन्हा दिसायचे. गाठीच्या मध्यावर कर्सर ठेवला. घनतेचा आकडा उणे आला, म्हणजे आत चरबी. दुसऱ्या कुणाचा स्कॅन असता तर तिथेच रिपोर्ट लिहून मोकळी झाले असते. पण मनात आलं, शेजारची हवा मोजली गेली असेल तर? हवेचाही आकडा उणेच येतो. कर्सर जरा सरकवला, परत मोजलं, परत सरकवला. मला काय दिसतंय आणि मला काय दिसायला हवंय, यातला फरकच कळेना.

शेवटी नाव काढून ती चित्रं कोल्हापूरच्या मित्राला पाठवली. आम्ही शिकायला बरोबर होतो. फक्त वय लिहिलं, आणि स्त्री असल्याचं.

घरी गेले तर ताईने कुळथाचं पिठलं केलं होतं. ती वाढता वाढता खोकली आणि मी हातातला घास परत ताटात ठेवला.

"भात घे अजून," ती म्हणाली. स्कॅनबद्दल एक शब्द विचारला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. मी उष्ट्या हाताने मागच्या पडवीत गेले.

"हॅमार्टोमा आहे," मित्र म्हणाला. "आत चरबी आहे, शिवाय मक्याच्या लाहीसारखं कॅल्शियम. शंभर वेळा पाहिलं असशील तू. मला कशाला विचारतेस? कोण आहे ही?"

"माझी ताई."

"परत बघतो, थांब." मला माउसचा आवाज ऐकू येत होता. मी पायरीवर बसले. "तेच आहे गं. साधी गाठ. जेवून घे."

आत येऊन मी ताईला सांगितलं. तिने हातातली पळी खाली ठेवली आणि भिंतीला टेकली.

"तुझं तोंड बघून मला वाटलं, आईसारखंच निघालं," ती म्हणाली. "म्हणून विचारलं नाही." मग पदर तोंडाला लावून रडली. इतका वेळ ती घाबरली असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

खोकला पित्ताचा निघाला, औषधाने थांबला. वर्षभराने खात्रीसाठी पुन्हा स्कॅन केला. गाठ होती तेवढीच आहे. पण तो स्कॅन उघडण्याआधी मी उठून खोलीचं दार लावलं आणि दाराला पाठ लावून बराच वेळ तशीच उभी राहिले.